उजवा हात शनिवारचा

वेरा : आधी खिसे रिकामे कर. मग बोलू.

ड्वेन : मी गिऱ्हाईक आहे की चोर?

वेरा : खिशात किल्ल्या खुळखुळताहेत आणि त्यांच्यातच ई-सिगारेटचा सेल आहे. आत येताना ऐकलं मी. काढ.

ड्वेन : हे घे. किल्ल्या, सुटे, स्क्रूड्रायव्हर, आणि हा सेल. झालं समाधान?

वेरा : सेलचं वरचं वेष्टन फाटलंय, ड्वेन.

ड्वेन : नखाएवढं फाटलंय.

वेरा : नखाएवढं उघडं पडलंय, आणि शेजारी लोखंडाच्या सात किल्ल्या. दोन टोकं जुळली असती तर पँट पेटली असती, पँटच्या आत जे आहे त्यासकट. सगळ्या टोलेडो शहराला वायरिंग करून देतोस आणि स्वतःच्या खिशात शॉर्ट घेऊन फिरतोस?

ड्वेन : वेरा, एकतीस वर्षं इलेक्ट्रिशियन आहे मी. हे दुकानसुद्धा मीच वायर केलंय. चार व्होल्टचा सेल मला काय शिकवणार?

वेरा : ती वाफ ओढायची नळी दाखव.

ड्वेन : ही बघ. पितळी आहे. कामावरच्या मर्व्हनं दिली. काय वजन आहे बघ तरी! सर्किट नाही, पडदा नाही, दिवे नाहीत. सेल, बटण, तापणारी कॉइल. खरं यंत्र हे असं असतं. माझी सर्किटवाली ई-सिगारेट, ती पेटीवाली, काल कामावर सिमेंटच्या धुळीत मेली.

वेरा : नवी पेटीवाली घेऊन जा. त्यात सर्किट आहे, चूक झाली तर ते स्वतःच बंद होतं. मर्व्हच्या नळीत चूक झाली तर बंद करणारं कुणी नाही. तू आहेस फक्त.

ड्वेन : मग मी आहेच की!

वेरा : तीच तर भीती आहे. एवढी कसली घाई?

ड्वेन : एकोणीस दिवस झाले, वेरा. चौतीस वर्षांत पहिल्यांदा एकोणीस दिवस सिगारेट नाही. शनिवारी ब्रिजेटचं लग्न आहे. ती म्हणाली, "डॅड, लग्नात तुमचा उजवा हात धरून चालेन, पण कोटाला वास नको." काल पेटी मेली आणि मी पेट्रोल पंपावरच्या दुकानात गेलो. सिगारेटचं पाकीट हातात घेतलं. परत ठेवलं. आज परत ठेवीन याची खात्री नाही. म्हणून घाई.

वेरा : अरे, मग आल्या आल्या हे सांगायचं की नाही! बस. कॉइल कुणी गुंडाळली?

ड्वेन : मी. रात्री जेवणाच्या टेबलावर. आठ वेढे, एकाला एक चिकटून. बघ, कारखान्यातली वाटेल.

वेरा : सुंदर आहे. मोजलीस?

ड्वेन : नजरेला दिसतंय की.

वेरा : मोजलीस का?

ड्वेन : माझं मीटर गाडीत आहे.

वेरा : माझं इथे आहे. हे काय, नवशिक्यांच्या कप्प्यात. याच्या शेजारी सेलची डबी, तिच्या शेजारी वेष्टनं.

ड्वेन : नवशिक्यांच्या कप्प्यातलं मी घेऊ? मर्व्ह वर्षभर हसेल.

वेरा : मर्व्हला हसू दे. तुला एक विचारते. हे दुकान वायर करत होतास तेव्हा मेन चालू करायच्या आधी काय करायचास?

ड्वेन : टेस्टर लावायचो.

वेरा : आणि?

ड्वेन : आणि ओरडायचो.

वेरा : "चालू करतोय!" दुकानात माणूस मी एकटी. समोर उभी. तरी ओरडायचास आणि मी "कर" म्हटल्याशिवाय हात लावायचा नाहीस. एकदा तर मी बाथरूममध्ये होते, तिथून "कर" म्हणायला लावलंस.

ड्वेन : त्याला कारण आहे.

वेरा : काय ते?

ड्वेन : लाइल. माझा जोडीदार. एका शाळेचं काम होतं. मला वाटलं, तो खाली आलाय. वाटलं फक्त. मी मेन चालू केला. तो वरच होता, हात बॉक्समध्ये. जगला. पण त्याची दोन बोटं अजून वळत नाहीत. दर ख्रिसमसला तो मला डाव्या हातानं कार्ड लिहितो.

वेरा : तेव्हाही तुला खात्री होती.

ड्वेन : होती.

वेरा : आजच्याएवढी?

ड्वेन : आण ते मीटर.

वेरा : तूच लाव. सेल बाहेरच राहू दे.

ड्वेन : लावलं. हे काय... शून्य पॉइंट शून्य चार ओहम? तुझं मीटर बिघडलंय.

वेरा : ही माझी कॉइल घे. हिच्यावर शून्य पॉइंट सहा लिहिलंय. लावून बघ.

ड्वेन : शून्य पॉइंट सहा.

वेरा : मीटर ठणठणीत आहे.

ड्वेन : चार पॉइंट दोन भागिले शून्य पॉइंट शून्य चार... एकशे पाच. वेरा, एकशे पाच अँपिअर! माझ्या अख्ख्या घराला शंभरचा ब्रेकर आहे.

वेरा : आणि हा सेल वीसचा.

ड्वेन : एकशे पाच तो देणारच नाही. त्याआधीच...

वेरा : पुढचं बोलू नकोस. कॉइल उघड. भिंग हवंय?

ड्वेन : नको, दिसलं. तारेचं टोक. कापायचं राहिलं, आत पितळेला टेकलंय. एवढंसं टोक! माझ्या हाताखालच्या माणसानं असं टोक सोडलं असतं तर त्याला घरी पाठवलं असतं मी.

वेरा : तुला नाही पाठवत. ही कटर घे.

ड्वेन : सकाळी गाडीत दाबणार होतो. सिग्नलला. बटणावर अंगठा होता. मागून कुणीतरी हॉर्न मारला म्हणून ठेवली खाली, सेल काढून खिशात टाकला.

वेरा : त्या हॉर्नवाल्याला लग्नाला बोलाव. आता हे वेष्टन. सेलवर चढव, मी ड्रायर देते.

ड्वेन : अगं, ही तर आमची हीट-श्रिंक, गरम केली की आवळते ती! दिवसाला वीस चढवतो.

वेरा : मग खिशातल्या सेलला एक चढवायला काय झालं होतं?

ड्वेन : बोल, आज तुझा दिवस आहे. झालं. गुळगुळीत. टोकही कापलं, आता कॉइल मोजतो... शून्य पॉइंट सहा दोन. परत मोजतो. सहा दोन.

वेरा : तीनशे चाळीस लोकांना मी नळी विकली असेल, दोनदा मोजणारा तू पहिला.

ड्वेन : डबी पण दे. दोन सेलची. मीटर बांधून ठेव. बटणाखालची ही कडी कसली?

वेरा : कुलूप. फिरवलीस की बटण दाबलं जात नाही. खिशात ठेवताना दर वेळी.

ड्वेन : म्हणजे पॅनलला आम्ही लावतो तसं. आपलं कुलूप, आपली किल्ली. हे मला आधी सांगितलं असतंस तर मी भांडलोच नसतो.

वेरा : भांडला असतास. पहिल्यांदा दाबायचं ते इथेच, माझ्यासमोर. माझ्या दुकानाचा नियम आहे.

(ड्वेन सेल आत सरकवतो, झाकण फिरवून बसवतो आणि नळी एका हातातून दुसऱ्या हातात घेतो.)

वेरा : मोजलंयस ना दोनदा? मग डाव्या हातात का?

ड्वेन : उजवा शनिवारपर्यंत ब्रिजेटचा आहे. वेरा, चालू करतोय!

वेरा : कर.