भरतीचा गोल

पांडूची ती शिट्टी मला अजून ऐकू येते. वेसाव्याच्या किनाऱ्यावर आम्ही तरुणपणी फुटबॉल खेळायचो. भरतीचं पाणी गोलच्या खांबाला लागलं की सामना संपला, जादा वेळ नाही. पांडू रेफ्री. एकदा पाणी लागताच त्यानं शिट्टी वाजवली आणि त्यानंतर हरेशचा बॉल आत गेला; पांडूनं तो गोल दिला नाही.

परवा टपरीवरच्या टीव्हीत रेफ्रीनं व्हिडिओ बघून नाकारलेला गोल परत दिला. हरेश लगेच म्हणाला, "बघ पांड्या, एवढा मोठा रेफ्री पण चूक मानतो. तू म्हातारा झालास, तरी मानत नाहीस."

"पाणी आधी लागलं होतं रे," मी म्हणालो. "मी खांबाजवळच होतो."

"तुझ्याकडे व्हिडिओ आहे काय?"

सगळे हसले.

पांडूनं अर्धा चहा खाली ठेवला. "गोल होता. झालं समाधान?"

टाळ्या पडल्या. जन्मात खोटी शिट्टी न वाजवलेला तो माणूस उठून निघून गेला.