अंगठा सोडाचा नाई

...नाई नाई, कोलूले मी कायले दोष देऊ? थो तं दुश्मन होये, त्यानं त्याचं काम केलं. माहा गळा कापला थो माह्या घरच्यायनं. तुमाले सांगतो, परक्यानं मारलं तं माणूस बोंबलते तरी, घरच्यानं मारलं तं बोंबलाची बी सोय नाई. आपलेच दात, आपलेच ओठ.

आता आयका. आमच्या गावच्या तलावाले एक तुडूम आहे, म्हंजे पाणी सोडाचं दार. उन्हाळ्यात पाणी आटत आलं का सारी मरळ त्याच कोपऱ्यात जमा होते. तिथी जो पह्यलं जाळं टाकते त्याचा उन्हाळा सुधरला, बाकीच्या आमा ढिवरायनं, मासोळी धरणाऱ्यायनं, चिखल चिवडत बसाचं. अन् हे पह्यलं जाळं दर साली कोलूच टाकते. काऊन? तं म्हणते आज्यापासून चालत आलं. मंग माहा आजा का तलावात म्हशी धुवाले जात होता काय?

त्यात आला माहा साळा प्रफुल. माजरीले कोळशाच्या खाणीत आहे. तिथल्या एका सायबाचा पोरगा परदेशी शिकाले गेला, तं त्याची रिमोटवाली गाडी याले भेटली. बकरीच्या पिलाएवढी गाडी, टायर असे जाडजूड. म्हणते कसा, "भाऊजी, हे पाण्यावर चालते." म्हटलं, सकाळीच पिऊन आला काय बे? तं म्हणते, "चपटा दगड भिरकावला का पाण्यावर टप्पे मारत जाते का नाई? तसंच. जोर आहे तोपर्यंत वर. फक्त रिमोटवरचा अंगठा सोडाचा नाई. अंगठा सोडला का गाडी गेली." अन् वावरातल्या बोडीत, म्हंजे लहानशा तळ्यात, सोडून दाखवली... आईशप्पथ, गेली! पाणी उडवत गेली अन् पलीकडच्या काठावर चढून उभी राह्यली.

झालं, माह्या डोक्यात किडा वळवळला. ढिवरायच्या सोसायटीच्या बैठकीत साऱ्यायसमोर कोलूले म्हटलं, "माही गाडी पाण्यावरून तलाव पार करून गेली, तं पह्यलं जाळं माहं." कोलू असा हासला का त्याच्या तोंडातला खर्रा बाहेर आला. म्हणते, "गेली तं जनमभर तुहं, सोमाजी. पण चालवाची तू. तुह्या साळ्यानं नाई." पोचूभाऊ आमचा अध्यक्ष, त्यानं बी मान हालवली. जनमभर म्हणे! मंग का, रोज बोडीवर जाऊन अंगठा घोटून राह्यलो. जेवताना बी घास असा दाबून धरत होतो का गोकुळा, माही बायको, म्हणे, "भाताले का चाबी देऊन राह्यले?"

थो दिवस आला. सारा गाव तलावाच्या पारीवर. सोडली गाडी, अन् काय सांगू तुमाले, सुसाट! या अंगठ्यानं धकवाचं, त्या अंगठ्यानं वळवाचं. आली मधात. कोलूचं तोंड उतरलं, मी माह्या डोयानं पाह्यलं. अन् तेवढ्यात मागून आवाज आला, "रामराम, व्याही!"

मान वळवून पाह्यतो तं डिंपलचा सासरा! आमची डिंपल वरोऱ्याले दिली आहे नं, थो व्याही. कडक धोतर, टोपी, दोन्ही हात जोडून उभा. आता सांगा, मी काय कराचं? पोरगी दिल्या घरचा माणूस होये. त्याचा रामराम खाली पडला तं थो राग माह्यावर नाई, पोरीवर निंगते. म्या मान हालवली. भागलं नाई. आवाज चढला, "रामराम म्हटलं, व्याही!" म्हटलं, प्रफुल, धर बापा हे रिमोट! तं प्रफुल कुठी? गोकुळानं त्याले व्याह्याच्या पाय धुवाच्या पाण्यासाठी घराकडं पळवला. ज्यानं हे कुटाणे सुरू केले थोच गायब. आपलेच दात, आपलेच ओठ.

मंग धकवाचा अंगठा दाबूनच, रिमोट तळहातात धरून हात जोडले. गाडी तिकडं मधातल्या मधात गोल फिराले लागली. लोकायले वाटलं सोमाजी करामत दाखवून राह्यला, टाळ्या वाजवल्या. पण वर होती बरं का गाडी! अजून बी पाण्यावर होती. आणि व्याह्यानं दोन्ही हात पसरले...

व्याहीभेट! छातीले छाती, एकदा या खांद्यावर, एकदा त्या खांद्यावर. अन् व्याह्याचं पोट म्हंजे भरलेलं कापसाचं गाठोडं. रिमोट दोघायच्या मधात. कडकड वाजलं, मले वाटलं बरगडी गेली. बरगडी जाती तं बरं झालं असतं. व्याह्याच्या खांद्यावरून पाह्यलं, गाडीनं नाक वर केलं, चार बुडबुडे सोडले अन् गेली.

म्हटलं, "व्याही, आज असे अचानक?" तं म्हणते, "अचानक कायचं? इहिणबाईचा निरोप आला नं, का व्याही पाण्यावर गाडी चालवून राह्यले, पाहाले या." मी गोकुळाकडं पाह्यलं. थे म्हणते, "मले वाटलं, पोरीच्या सासरी तुमचं नाव होईन." आता तिले काय बोलू? आपलेच दात, आपलेच ओठ.

अन् घरी व्याही आला तं मासोळी नको? तलावात कोणाचं जाळं? कोलूचं. त्यानं तं बुडबुडे विराच्या आत टाकलं होतं. गेलो त्याच्या दारात. वाटलं हाकलून देईन, मंग भांडाले तरी भेटलं असतं. पण त्यानं सर्वात मोठी मरळ काढून हातात ठेवली. म्हणते, "ने सोमाजी, व्याह्याले पोटभर खाऊ घाल." याच्यापेक्षा थोबाडीत मारली असती तं चाललं असतं.

संध्याकाळी व्याही जेवाले बसले. दोनदा रस्सा मागितला, बोटं चाटली, अन् म्हणते, "सारं बेस झालं व्याही, पण थे गाडी काऊन नाई दाखवली? मी तं त्याच्यासाठीच वरोऱ्याहून आलो. तुमची पाठच दिसत होती, अन् भेटीत डोळे मिटले होते माहे. का मी गावात जाऊन सांगू, का व्याही नुसत्या थापा मारते?"

मी प्रफुलकडं पाह्यलं, थो ताटात पाहून राह्यला. गोकुळाकडं पाह्यलं, थे चुलीत पाहून राह्यली. म्हटलं, "सांगा व्याही, थापाच मारतो मी. घ्या, अजून एक तुकडा घ्या."