मंगलाष्टकांच्या वेळी आई कुठे असते

अंधेरीत, व्हिसा नाकारलेले पासपोर्ट परत घ्यायच्या रांगेत माझ्यापुढे साठीचं एक जोडपं होतं. रांग सरकत नव्हती. नकार घ्यायलाही टोकन लागतं.

"दुसऱ्यांदा नाकारला. आता रसिकाचं लग्न मोबाइलवरच बघायचं, शेवंती."

"तुम्ही बघा. मंगलाष्टकांच्या वेळी मी बाल्कनीत तुळशीला पाणी घालणार."

"सकाळी घाल ना."

"मुलीचं लग्न आईने बघायचं नसतं. आपल्या लग्नात माझी आई कुठे होती?"

"तुळशीपाशी. पण मांडवापासून दहा पावलांवर, गो. इथे पोरगी कॅनडात, तू नाहूरला."

"नाहूरला आहे म्हणून रीत सोडू?"

"ती म्हणते, मला आई समोर स्क्रीनवर दिसायला हवी."

"सांगा, आई स्वयंपाकघरात आहे. रसिकाला सवय आहे."

"सांगितलं. रडली."

शेवंतीने टोकनवरचा नंबर पुन्हा वाचला.

"ऐकलेलं चालतं का तुझ्या रीतीला?"

"ऐकू नये असं कोणी म्हटलेलं नाही."

"मग दुसरा मोबाइल कुंडीपाशी उलटा ठेवतो. तू नुसतं ऐक."

"ठेवा."

"पण तुझा आवाज बंद करावा लागेल. नाहीतर पाणी ओतल्याचं तिकडे मांडवभर ऐकू जाईल. भटजी विचारतील, कोणाचा नळ चालू राहिलाय?"

"बंद करू नका. तिला कळू दे, मी उभी आहे ते. आणि बादली भरून ठेवा. मंगलाष्टकं लांबतात."