वेल काढलेली शेवटची ओळ

…आणि वर मलाच म्हणतात, मामा, तुम्ही पुढच्या सीटवर बसा! आता तुम्हीच सांगा, पुढच्या सीटवर बसून मी करायचं काय? जावईबापू म्हणतात, "काही नाही हो मामा, मी गाडी चालवणार, तुम्ही नुसत्या रस्त्यावरच्या पाट्या वाचायच्या आणि मला सांगायचं, डावीकडे की उजवीकडे." नुसत्या! चार दिवसांचा रस्ता, मधे घाट, घाटात बोगदा, बोगद्यापुढे नदी, नदीवर पूल नाही, गाडी म्हणे बोटीवर चढवायची, आणि बोटीतून उतरलं की समोर दुसरा देश! मी घाबरत नाही बरं का, मी नुसतं विचारतोय, की गाडी बोटीवर असताना हँडब्रेक कोण बघतं?

तुम्हाला सांगतो, हे सगळं सुरू झालं ते त्या चिमणीमुळे. चिमणी म्हणजे मुलगी हो, तिचं खरं नाव माझ्या जिभेला वळत नाही, म्हणून मी आपली चिमणी म्हणतो. नऊ वर्षांपूर्वी आमच्या हिने कुठल्याशा संस्थेचा कागद आणला. परदेशातल्या एका मुलीच्या शाळेचा खर्च आपण उचलायचा, आणि वर्षातून दोनदा तिला पत्र लिहायचं. खर्चाचं मला काही वाटलं नाही. पण पत्र म्हटल्यावर मी तो कागद परत हिच्याकडे सरकवला. कारण… जरा जवळ या, जावईबापू आत आहेत… कारण मला लिहिता-वाचता येत नाही.

हसताय काय? माझा धंदा माहीत आहे ना? पाट्या रंगवायचा! पन्नास वर्षं पाट्या रंगवल्या मी. दवाखाने, शाळा, दुकानं, एका वकिलाची तर तीनदा, कारण त्याच्या पदव्या वाढत गेल्या. आठ वर्षांचा असताना रंगाच्या दुकानात रंग घोटायला लागलो, तिथून ब्रश हातात आला, आणि शाळा राहिली ती राहिलीच. गिऱ्हाईक कागदावर मजकूर लिहून द्यायचं, मी दोरीला खडू लावून भिंतीवर रेघा मारायचो, आणि तो मजकूर हुबेहूब उतरवायचो, जसं कोणी मोर काढतं, तसं मी अक्षर काढायचो. त्याचा आवाज काय, अर्थ काय, ते गिऱ्हाईकाला ठाऊक! आणि ज्याच्या हातून गावभर अक्षरं झाली, त्याला कोण विचारणार, की बाबा, तुला वाचता येतं का?

हिला तेवढं ठाऊक. लग्नानंतर तिने पाटीवर 'क' काढून शिकवायला घेतलं होतं. "हा काय?" म्हणाली. मी म्हटलं, "पोट जरा बाहेर आलंय याचं, आत घे." तीन दिवस चाललं ते. चौथ्या दिवशी तिने पाटी माळ्यावर ठेवली.

तर पत्राची आमची पद्धत अशी पडली. मी सांगायचं, हिने कागदावर लिहायचं, आणि तो नमुना समोर ठेवून मी चांगल्या कागदावर, बारीक ब्रशने, सावली देऊन, वळणदार असं उतरवायचं. म्हणजे बोल माझे, अक्षर माझं, मधली तेवढी ही. संस्थेतल्या बाई त्याचं तिकडच्या भाषेत भाषांतर करायच्या आणि दोन्ही कागद चिमणीला पाठवायच्या. चिमणीचं उत्तर यायचं, तेही भाषांतर होऊन. "आजोबा, तुमच्यासारखं अक्षर आमच्या बाईंचंही नाही. तुम्ही किती शिकलेले असाल!" हे ऐकलं की मी खाली बघायचो. आणि पुढच्या पत्रात सांगायचो, "बाळ, खूप शीक, शिकल्याशिवाय माणसाला काही नाही." कोण सांगतोय? मी! घाबरलो नाही बरं का तेव्हा. फक्त कान गरम व्हायचे.

आणि मग ते उंदराचं प्रकरण झालं. ऐका. तिसऱ्या का चौथ्या वर्षी हिने पत्राचा नमुना लिहिला, आणि त्याच कागदाच्या तळाशी दुकानातून आणायचं सामान लिहून ठेवलं. मला काय कळणार? मी सगळं उतरवलं. आणि शेवटची ओळ म्हणजे नेहमीच महत्त्वाची, पाटीवरसुद्धा मालकाचं नाव शेवटी असतं, म्हणून त्या ओळीला मी दुहेरी सावली दिली, आजूबाजूला फुलांची वेल काढली, वेलीवर दोन पाखरं बसवली. दोन दिवस लागले मला. पत्र गेलं. संस्थेतल्या बाई कमालीच्या इमानदार, त्यांनी भाषांतरसुद्धा शब्दाला शब्द केलं. पत्रात होतं, "बाळ, मोठी हो, आईवडिलांचं नाव काढ. साबण दोन. आगकाड्या. उंदराचं औषध, जरा जालीम."

उत्तर आलं, "आजोबा, तुमच्याकडे उंदीर फार झालेत का? मी आमची मांजर पाठवू का?"

ही वाचता वाचता खुर्चीत कोसळली. हसून हसून डोळ्यांतून पाणी. मी म्हणतोय, "अगं काय झालं, काय झालं," आणि ही नुसती हाताने उंदीर करून दाखवतेय! आणि पुढचं ऐका. सहा महिन्यांनी फोटो आला. चिमणीची शाळा, शाळेची नवी भिंत, भिंतीसमोर सगळी पोरं ओळीने उभी, आणि मागे भिंतीवर, पुरुषभर उंचीच्या अक्षरांत, माझ्या वळणात, माझ्या सावलीत, वेल आणि पाखरांसकट… उंदराचं औषध, जरा जालीम. चिमणीने रंगवलं होतं. तिच्या बाईंना ती ओळ फार सुंदर वाटली म्हणे. मी फोटो हातात घेऊन बघितला. सावली थोडी चुकली होती, पण वेल चांगली जमली होती पोरीला.

असो. तर आता चिमणी झाली सतरा वर्षांची, शाळेचं शेवटचं वर्ष, आणि तिचं पत्र आलं, की आजोबा, निरोपाचा कार्यक्रम आहे, तुम्ही आणि आजी या. लेकीने ऐकलं, तिने जावईबापूंना सांगितलं, आणि जावईबापूंनी त्याच संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरला. तेव्हापासून आमचं टेबल दिसलेलं नाही! ताट मांडीवर घेऊन जेवतोय आम्ही. "मामा, विमान कशाला? रस्ता एकदम मस्त आहे. गाडीने गेलं की देश कळतो." मी म्हटलं, "आणि देशाला आपण कळलो तर?" त्यांना वाटलं, मी विनोद केला.

मी सगळे उपाय करून बघितले हो. मी म्हटलं, "गुडघा दुखतो." लेक म्हणाली, "बाबा, दर दोन तासांनी थांबू." मी म्हटलं, "बोगद्यात दिवे गेले तर?" जावई म्हणाले, "गाडीला दिवे आहेत." मी म्हटलं, "सीमेवर कागद भरायला लावतात." ते म्हणाले, "मी भरीन, तुम्ही सही करा." सहीला माझी हरकत नव्हती, सही मी झकास काढतो, फक्त सावली द्यायला पाच मिनिटं लागतात, आणि मागे गाड्यांची रांग असेल, तो बंदूकवाला बघत असेल… मी घाबरत नाही बरं का, नुसतं विचारतोय, त्या बंदूकवाल्याला सावलीचं कारण कोण समजावणार?

आणि जावईबापूंसमोर तर माझी आणखीनच पंचाईत. त्यांना वाटतं, सासरा मोठा वाचणारा आहे. दर रविवारी ते घरी असले की मी पेपर धरून बसतो. ते विचारतात, "काय म्हणतो पेपर, मामा?" आता मला दिसतात ती मथळ्याची अक्षरं! मी म्हणतो, "आज जरा जाडच आहे." ते मान डोलवतात, म्हणतात, "बरोबर ओळखलंत मामा, परिस्थिती जाडच आहे." बाहेर चार माणसांत सांगतात, आमचे सासरे कमी बोलतात, पण नेमकं बोलतात. आणि आता याच माणसाच्या शेजारी बसून, गाडी सुसाट पळत असताना, मी पाट्या वाचायच्या! "डावीकडे की उजवीकडे, मामा?" "जरा जाडच आहे हो!" आणि गाडी गेली दरीत!

पण खरी गोष्ट वेगळीच होती. ही सगळं बघत होती. एक दिवस दुपारी लेक-जावई बाहेर गेलेले, हिने भाजी निवडता निवडता विचारलं, "अहो, खरं सांगा. बोगद्याला घाबरता, की फळ्याला?"

फळा! पत्राच्या शेवटी चिमणीने लिहिलं होतं ना, की आजोबा, सगळ्या शाळेसमोर मंचावर मोठा फळा ठेवणार आहोत, त्यावर तुम्ही तुमच्या सुंदर अक्षरात तुमच्या मनातलं एक वाक्य लिहायचं. मनातलं! मी हिला म्हटलं, "अगं, मनात वाक्य आहे. पण मनात नमुना नाही."

ही म्हणाली, "मी एक वाक्य लिहून देते, पाठ करून टाका, महिना आहे." बसलो हो मी. पण म्हातारा हात, आणि समोर सहाशे पोरं… एक वळण विसरलो आणि भलताच शब्द झाला तर? बरं, समजा जमलं, आणि कोणी म्हणालं, आता आणखी एक लिहा? ज्या पोरीला नऊ वर्षं सांगत आलो, शीक, शिकल्याशिवाय काही नाही, तिच्यासमोर मी त्या मंचावर खडू धरून गप्प उभा राहायचं? ती चार माणसांत मला आजोबा म्हणणार, आणि मग तिचा चेहरा… नाही हो. बोगदा परवडला.

चार दिवस मला अन्न गोड लागलं नाही. पाचव्या दिवशी मी हिला म्हटलं, "कागद घे. तिला खरं ते लिहू. मग ती म्हणेल या, नाहीतर म्हणेल नका येऊ." हिने लिहून घेतलं. मी विचारलं, "खाली सामान नाही ना?" म्हणाली, "नाही." मी विचारलं, "यातलं 'मला वाचता येत नाही' ते कुठे आहे?" तिने बोट ठेवलं. मग मी ते सगळं उतरवलं, आणि त्या एका ओळीला दुहेरी सावली दिली, वेल काढली. पाखरं नाही काढली. 

उत्तर आलं ते नेमकं रविवारी! मी पेपर धरून बसलेला, जावईबापू नकाशावर वाकलेले, आणि हिने लिफाफा फोडून मोठ्याने वाचायला सुरुवात केली. मी खोकतोय, डोळे मोठे करतोय, पायाने पाय दाबतोय, तो निघाला लेकीचा! ही थांबायला तयार नाही.

"आजोबा, मला ठाऊक होतं. ते उंदराचं पत्र आलं त्याच दिवशी कळलं. ज्याला वाचता येतं, तो माणूस उंदराच्या औषधाला फुलांची वेल काढत नाही. बाईंनी अर्थ विचारला तेव्हा मी सांगितलं, याचा अर्थ 'आपलं स्वागत आहे'. खरा अर्थ अजून कोणाला माहीत नाही. तुम्ही आमच्या फाटकातून आलात की तीच ओळ समोर दिसेल."

लेकीने माझ्याकडे बघितलं. तिला माहीत असावं, तिने नुसता माझ्या पाठीवर हात ठेवला. जावईबापू मात्र हळूच सरळ झाले. माझ्या हातातल्या पेपराकडे बघत म्हणाले, "मामा… म्हणजे ते 'जाडच आहे'…?"

मी म्हटलं, "जाडच होतं हो ते. खरंच जाड होतं. आजचं बघा, किती बारीक आहे."

त्यांनी पेपर माझ्या हातातून घेतला, बघितला, म्हणाले, "आज बारीक आहे खरं," आणि परत नकाशावर वाकले. भला माणूस आहे.

मला वाटलं, सुटलो! फळा गेला, भीती गेली. आता पुढच्या सीटवर लेक बसेल, मी मागे झोपेन. पण ही म्हणाली, "थांबा, पत्र संपलं नाही." आणि वाचायला लागली. "आजोबा, तुमच्या पत्रांशेजारी भाषांतर ठेवून ठेवून मला तुमची अक्षरं वाचता यायला लागली आहेत. तुम्ही आठ दिवस राहणार आहात ना? रोज सकाळी पहिल्या बाकावर बसायचं. तुमचीच अक्षरं मी तुम्हाला शिकवीन. शेवटच्या दिवशी परीक्षा. मग मंचावर जायचं आणि मनातलं वाक्य फळ्यावर लिहायचं. मला वाक्य नवीन हवं आहे, पाठ केलेलं चालणार नाही. आणि परत जाताना मांजर न्यायची आहे, तिला टोपली करून ठेवली आहे."

चौऱ्याहत्तरावं वर्ष चालू आहे मला. घाट, बोगदा, बोट, बंदूकवाला, टोपलीत परदेशी मांजर, आणि आता परीक्षा! काल माळ्यावरून ती जुनी पाटी काढून ही पुसत होती. जावईबापूंनी पिशवीत दोन खडू टाकले, एक मोडला तर असू दे म्हणून. उद्या सकाळी सहाला निघतोय आम्ही. मी घाबरत नाही बरं का, तुम्हाला सांगतो, अजिबात घाबरत नाही. मी नुसतं विचारतोय… नापास झालो, तर सीमेवरून परत सोडतात ना हो?