ओव्हनचं दार लागत नाही

मिक्सरचं भांडं काखेत धरून दुरुस्तीच्या दुकानात उभ्या असलेल्या बाईंना पुढच्या मायलेकांचं बोलणं ऐकण्यावाचून गत्यंतर नव्हतं. काउंटरवर ओव्हनचं दार आडवं पडलं होतं आणि मेकॅनिक त्यावर वाकला होता.

“आई, सोड ना आता. सत्तरीत केक करून कोणाचं भलं होणार आहे?”

“माझं. दादा, हे दार लागतच नाही. वर दोन बोटं फट राहते.”

“रबर बदललंत का, काकू?”

“बदललं. स्क्रू आवळले. शेवटी खुर्ची टेकवून केक भाजला.”

“बघा! एक दिवस घर पेटवेल ही.”

“तू गप्प बस. मी दादांशी बोलतेय.”

“काकू, बिजागऱ्या वाकल्यात. उघड्या दारावर कोणीतरी उभं राहिलंय.”

“मला जिना चढवत नाही, दारावर कुठली चढतेय?”

“चांगलं वजनदार माणूस असणार.”

बाईंनी भांडं दुसऱ्या काखेत घेतलं.

“काय रे, माझे केकचे साचे ओव्हनवरच्या फळीवर तूच ठेवलेस ना? माझा हात पोचू नये म्हणून?”

“आई, लोक ऐकताहेत.”

“ऐकू देत. दादा, दोन्ही नव्या बसवा. चांगल्या दणकट.”

“तासभर लागेल.”

“लागू दे, मी बसते इथेच. तू घरी जा, साचे खाली काढून धुऊन ठेव. आणि या खेपेला स्टूल घे.”