गुरुवारची गाइड

...आणि वर मलाच म्हणतात, "मज्जा आहे बुवा तुमची, आता काय, सारखं फिरायचं!" अहो, कुठलं फिरायचं? तुम्हाला सांगते, विद्यापीठात पर्यटनाच्या वर्गात नाव घातल्यापासून हे वाक्य ऐकून ऐकून माझे कान किटले! दूधवाला म्हणतो, शिंपीण म्हणते, दातांचे डॉक्टर म्हणतात... आणि तेही माझ्या तोंडात आरसा घालून, म्हणजे उत्तर द्यायचीसुद्धा सोय नाही! माझी सख्खी जाऊ तर काय म्हणाली माहितीये? "फिरायला डिग्री लागते? आम्ही तर अशाच फिरतो बाई!" आता हिला काय सांगायचं? फिरायचं नसतं हो, फिरवायचं असतं!

चव्वेचाळिसाव्या वर्षी मी त्या वर्गात गेले. मुलं मोठी झाली, ह्यांचे डबे सुटले, मग म्हटलं, आता आपण. पहिल्या दिवशी विभागप्रमुख मॅडमनी फळ्यावर सगळं लिहून दाखवलं. इथून पुढे गाइड होता येतं, टूर मॅनेजर होता येतं, विमान कंपनीत तिकिटांचं काम मिळतं, हॉटेलात स्वागताला उभं राहता येतं, मोठाल्या परिषदा भरवता येतात, जहाजावर जाता येतं... 'जहाज' म्हटल्याबरोबर वर्गातली सगळी पोरं ताठ बसली. मी मात्र पहिल्या शब्दाशीच थांबले. गाइड! कारण काय, तर आयुष्यभर मी प्रत्येक ठिकाण कुणाच्या तरी पाठीमागून बघितलंय. एका हातात पाण्याची बाटली, दुसऱ्या हातात कुणाचं तरी स्वेटर, आणि पुढे सगळ्यांची डोकी. मला एकदा तरी पुढे उभं राहायचं होतं. हात वर करून म्हणायचं होतं, "इकडे बघा." आणि लोकांनी खरोखर बघायचं! एवढंच. फार आहे का?

आता घोळ कुठे झाला ते ऐका. माझं नाव होतं प्रतीक्षायादीत. जागा सुटेना, जीव थाऱ्यावर राहीना. मग मी देवापुढे बसले, हात जोडले आणि बोलून गेले... प्रवेश मिळू दे, पदवी हातात पडेपर्यंत दर गुरुवारी मौन पाळीन. सकाळी डोळे उघडल्यापासून संध्याकाळी दिवा लावेपर्यंत. तुम्ही म्हणाल, मौनच का? अहो, देवाला द्यायचं तर आपल्या आवडीचं द्यावं ना! गोड सोडून झालं होतं, चहा सोडून झाला होता. जीव अडकावा असं एवढंच उरलं होतं. ह्यांना कळलं, तर प्रवेश मिळायच्या आधीच ह्यांनी आढ्याकडे बघून हात जोडले. "पावला!" म्हणाले.

आणि खरंच पावला हो! चौथ्या दिवशी फोन आला.

मग काय, सुरू झाले गुरुवार. आमच्याकडे गुरुवारी एकच तास, तिकिटांचा. ते सर फक्त गुरुवारीच यायचे. त्यांनी पहिल्या दिवशी मला काही विचारलं, मी नुसती मान हलवली, हाताने खूण केली. दुसऱ्या आठवड्यात तेच, तिसऱ्या आठवड्यात तेच. झालं! सरांनी समज करून घेतला की मला बोलताच येत नाही. मला पुढच्या बाकावर बसवलं, माझ्याशी ओठ मोठे मोठे करून बोलायला लागले, "ता-ई, क-ळ-लं का?" आणि वर्गाला म्हणाले, "बघा, ह्यांच्याकडून शिका. देवाने काही दिलं नाही म्हणून रडत बसल्या नाहीत!" मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं, पण सांगणार कसं? गुरुवार होता! पुढे कधीतरी मंगळवारी ते सर काही कामाला आले आणि मी कॅन्टीनमध्ये मैत्रिणीशी बोलताना त्यांना दिसले. हातातला कप तसाच राहिला त्यांच्या! मी धावत गेले, सगळं सांगितलं, माफी मागितली. ते म्हणाले, "ताई, मी घरी तुमचं उदाहरण देतो हो!"

ते जाऊ दे. खरी गोष्ट पुढेच आहे. शेवटच्या वर्षाची प्रात्यक्षिक परीक्षा! बारा जणांचा गट घेऊन शहराचा जुना भाग दाखवायचा, घड्याळाचा मनोरा, नदीवरचा पूल, संग्रहालय. परीक्षक बाहेरच्या. एका सहलींच्या कंपनीतल्या मोठ्या अधिकारी, आणि कानोकानी आलेली बातमी अशी की त्यांना आमच्या वर्गातून एक माणूस नोकरीला घ्यायचाय. म्हणजे पदवी तिथेच, नोकरी तिथेच. आणि नापास झालं तर अख्खं वर्ष पुन्हा! माझा नंबर लावलेला दिवस कोणता? विचारू नका. गुरुवार!

बुधवारी मॅडमकडे गेले. म्हटलं, "मॅडम, दिवस बदला." मॅडम म्हणाल्या, "परीक्षक बाईंना तेवढाच दिवस मोकळाय. तुम्ही तुमचं ते मौन पुढच्या दिवशी पाळा ना!" आता तुम्हीच सांगा, प्रवेश हवा होता तेव्हा मी देवाला म्हटलं होतं का, की सोयीचा गुरुवार बघून गप्प बसेन? शब्द दिला तो दिला. मॅडमनी कपाळाला हात लावला. मी म्हटलं, "नियमात दुभाषी चालतो ना?" त्या म्हणाल्या, "चालतो, पण परदेशी पाहुण्यांसाठी! तुमचा दुभाषी कशातून कशात सांगणार?" मी म्हटलं, "माझ्या हातातून लोकांच्या कानात." मॅडमनी नियमांचं पुस्तक चाळलं. मग म्हणाल्या, "माझ्या नियमात हे बसत नाही असंही कुठे लिहिलेलं नाही. जा."

आता दुभाषी आणायचा कुठून? मुलीचा त्याच दिवशी पेपर. ह्यांना विचारलं तर हे म्हणाले, "मी चार माणसांत बोलायला लागलो की मला घाम फुटतो, तुला माहितीये." आणि एवढ्यात आतल्या खोलीतून आवाज आला, "मी आहे की!"

सासूबाई!

पंचाहत्तरी झालीये, गुडघे बोलतात, पण बाकीच्या त्या गुडघ्यांपेक्षा जास्त बोलतात. मी म्हटलं, "आई, खूप चालायचंय, राहू द्या." तर म्हणतात कशा, "अगं, चारचौघांत तू गप्प आणि मी बोलतेय असा दिवस पहिल्यांदा येतोय. तो मी सोडू?"

रात्री बसून मी सगळं लिहून दिलं. मोठ्या अक्षरात. मनोऱ्याची उंची, कुणी बांधला, दगड कुठून आला. सासूबाईंनी पहिली ओळ वाचली, कागदाची घडी घातली आणि पिशवीत ठेवली. "वाचून काय दाखवायचं? मी काय बातम्या देते?"

गुरुवार उजाडला. मनोऱ्याखाली गट उभा. पहिल्या वर्षाची पोरं, मॅडमच्या ओळखीची काही मंडळी, एक जाडजूड टोपीवाले काका आणि परीक्षक बाई, बारीक कापलेले पांढरे केस, हातात वही. मी हात वर केला. सगळे बघायला लागले! अहो, क्षणभर असं वाटलं ना... आणि शेजारून सासूबाई सुरू. "हे घड्याळ. हे कधीच बरोबर नसतं. माझ्या लग्नाला भटजी ह्याच्या भरवशावर निघाले आणि आम्ही तासभर नुसते उभे! पुढे चला."

झाला मनोरा! दोनशे वर्षांचा इतिहास, आणि "पुढे चला"! परीक्षक बाईंनी विचारलं, "उंची किती याची?" मी बोटांनी दाखवतेय, एक, मग आठ... सासूबाई म्हणाल्या, "ती म्हणतेय, चांगला उंच आहे."

पुलावर तर कहरच. माझ्या कागदात कमानींची सगळी हकीकत होती. सासूबाई म्हणाल्या, "इथून माझ्या मुलाने लहानपणी एक बूट खाली टाकला. एकच! दोन टाकले असते तर कुणाला सापडले तरी असते, वापरले असते." सगळे हसले. मग माझ्याकडे हात करून म्हणतात, "ही त्याची बायको, माझी सून. बोलत नाही म्हणून गरीब वाटते. शुक्रवारी या!" पुन्हा सगळे हसले. माझ्या जिभेवर इतके शब्द जमले होते ना, की मी दात दातावर ठेवून ते आत कोंडले. परीक्षक बाई भराभर लिहीत होत्या. मी मनात म्हटलं, गेलं वर्ष. गेलं!

पण म्हणून सोडून द्यायचं का? नाही हो. बोलता येत नाही ना, मग बाकीचं सगळं तर येतं! मी गट मोजला. एका पोरीचा चेहरा बघून कळलं, तिला संग्रहालयाशेजारचं स्वच्छतागृह दाखवलं. रस्ता ओलांडताना मधोमध उभी राहिले, गाड्या थांबवल्या. सगळ्यांना सावलीच्या बाजूने नेलं. फिरायचं नसतं हो, फिरवायचं असतं!

संग्रहालयाच्या पायऱ्यांवर ते टोपीवाले काका एकदम भडकले. "काय चाललंय हे? पैसे घेता आणि म्हातारीच्या गप्पा ऐकवता? ना धड माहिती, ना धड बसायला जागा! मला पैसे परत पाहिजेत! तक्रार करणार मी, वरपर्यंत जाणार!" पोरं घाबरून बाजूला झाली. सासूबाई आयुष्यात पहिल्यांदा गप्प झाल्या. आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले.

तुम्हाला सांगते, आमच्या पुस्तकात तक्रार कशी हाताळायची त्याच्या मोठ्या पायऱ्या दिल्यात. दिलगिरी व्यक्त करा, कारण समजावून सांगा, पर्याय द्या, वरिष्ठांना कळवा. पण सगळ्यात पहिली पायरी काय? ऐका. बाकीच्या सगळ्यांना तोंड लागतं, मला तर तेवढी एकच मोकळी होती! मी त्यांना बाकावर बसवलं. बाटली उघडून हातात दिली. आणि समोर बसून ऐकायला लागले.

ते ओरडत होते, मी ऐकत होते. त्यांचा आवाज उतरला, मी ऐकत होते. थोड्या वेळाने ते थांबले. मी नजर हलवली नाही. मग ते चुळबुळले आणि हळूच म्हणाले, "तसं... माहितीचं फार काही नाही. हा नवा बूट चावतोय." मी मान हलवली. म्हणाले, "बायकोने सांगितलं होतं, जुना घाला. ऐकलं नाही. हल्ली मी तिचं काहीच ऐकत नाही." मी पुन्हा मान हलवली. आणि अहो, त्या माणसाच्या डोळ्यांत पाणी! "घरी गेल्यावर बोलतो तिच्याशी," म्हणाले.

मागे परीक्षक बाईंची वही बंद झाल्याचा आवाज आला. त्या जवळ आल्या आणि काकांना म्हणाल्या, "तुम्हाला भांडायला सांगितलं होतं ना मी?" तेव्हा उलगडा झाला. काका त्यांच्याच कंपनीतले, मुद्दाम गटात घुसवलेले! भांडणारा प्रवासी हाताळता येतो का, हे बघायला. काका नाक पुसत म्हणाले, "बाई, भांडायला समोरून कुणीतरी बोलावं लागतं हो!"

निकाल लागला. माहिती सांगण्यात मला शून्य. शून्याच्या शेजारी परीक्षक बाईंच्या अक्षरात लिहिलेलं, 'पुलावरचा बूट वगळता'. आणि गट सांभाळण्यात पैकीच्या पैकी. दोन्ही मिळून पास! पदवी घेतली, घरी आले, देवापुढे ठेवली आणि म्हटलं, "फिटलं तुझं." आणि मग जी बोलत सुटले, हे जेवण टाकून फिरायला गेले.

आता मजा ऐका. परीक्षक बाईंचा फोन आला. नोकरी! मी म्हटलं, "गाइडची ना?" त्या म्हणाल्या, "नाही. तक्रार विभागात. तुमच्यासारखं ऐकणारं माणूस मला दहा वर्षांत मिळालं नाही." अहो, मी! ऐकणारी! माझ्या घरच्यांना विचारा! मी तिथेच सांगून टाकलं, "येते. पण सहा महिने. मग मला टूर मॅनेजर म्हणून बसमध्ये बसवायचं. मी खुर्चीत बसायला नाही शिकले." बाई हसल्या, कबूल म्हणाल्या. आणि मी काही ते विसरू देणार नाही. दर सोमवारी आठवण करून देते. एक तरी सहल मी नेणारच आहे, तुम्ही बघालच.

मग बाई हळूच म्हणाल्या, "आणि त्या दिवशीच्या आजी... रविवारी सकाळी शहर दाखवायला येतील का हो? पोरं अजून त्यांचंच नाव काढतात."

झालं! आता दर रविवारी सासूबाई गळ्यात ओळखपत्र अडकवून, रंगीत छत्री वर धरून लोकांना फिरवतात, आणि मी बाकीचे दिवस ऑफिसात टेबलामागे. परवा एक तक्रार आली. एक गृहस्थ आले, रागाने लाल. म्हणाले, "तुमच्या त्या आजी गाइड! मनोऱ्याबद्दल एक अक्षर सांगत नाहीत. दोन तास नुसतं आपल्या सुनेबद्दलच बोलत होत्या!"

काय करणार? नोकरी आहे. मी खुर्ची पुढे सरकवली, पाण्याची बाटली उघडून दिली आणि म्हटलं, "बसा. अगदी सावकाश सांगा... एक शब्दही गाळू नका."