मागच्या चाकांचा दोष

"हॅलो?… हो, बोल… अरे मीच, दुसरं कोण असणार घरात… कुकर लावत होते. बोल तू."

शनिवारी सकाळी साडेअकराची वेळ. नेत्राने फोन मानेत धरला आणि कुकरचं झाकण न लावताच ओट्यावर ठेवून दिलं. फोन तिच्या नवऱ्याचा होता, हेमचंद्रचा. तो नऊलाच भाड्याची गाडी घेऊन ब्लूमिंग्टनला गाड्यांच्या शोरूममध्ये गेला होता. त्यांची स्वतःची निळी गाडी तीन आठवड्यांपूर्वी अपघातात मोडली होती. ती आता दुरुस्त होण्यासारखी नाही, असं विमा कंपनीने बुधवारी कळवलं होतं. खिडकीबाहेर मिनेसोटातल्या ईडन प्रेरी गावचं फेब्रुवारीचं ऊन पडलं होतं, डोळे दिपवणारं आणि अजिबात ऊब नसलेलं.

"दोन्ही चालवून बघितल्यास?… हं… म्हणजे एक मागच्या चाकांची आणि दुसरी ऑल-व्हील… मॉडेल तेच ना पण?… बरं… नाही, रंगाचं मला काही नाही. कुठलाही चालेल."

"कोण, सेल्समन म्हणतो?… तो म्हणणारच… नाही रे, मी कुठे काय म्हणतेय. सांग ना, ऐकतेय मी… चारी चाकांना ताकद जाते. हो… एक घसरलं तरी बाकीची ओढतात. हो. कळलं."

नेत्राला हे कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. ती नागपूरला मेकॅनिकल शिकली होती, सॉफ्टवेअरमध्ये नंतर आली. दोन वर्षांपूर्वी निळी गाडी घेताना तिनेच हेमचंद्रला सांगितलं होतं, की मागच्या चाकांची, म्हणजे इंजिनाची ताकद फक्त मागच्या चाकांना जाणारी गाडी मिनेसोटाच्या थंडीत त्रास देईल. पण त्याला ती फार आवडली होती. वळणावर कशी बसते बघ, म्हणाला, आणि घेतली. पहिल्याच हिवाळ्यात ती घरासमोरच्या चढावर जागच्या जागी चाकं फिरवत राहिली. मग मागच्या चाकांवर वजन यावं म्हणून त्याने डिकीत वाळूच्या दोन पिशव्या टाकल्या, आणि त्या पिशव्यांवरून दोघं एकमेकांना चिडवतही असत.

"काय?… हेमू, पुन्हा तेच नको… अरे ऐक ना… नाही, तुझ्यामुळे नाही झालं. किती वेळा सांगू… आईंचं काय, त्या पुण्यात बसून बोलतात. तू सांगितलंस तेवढंच त्यांना माहिती आहे… आणि सेल्समनला कशाला सांगितलंस हे सगळं?… हं… हो, तुला वाटतं ते कळतंय मला."

तीन आठवडे घरात हेच चाललं होतं. त्या गुरुवारी सकाळी आठच्या सुमाराला नेत्रा फोर-नाइंटी-फोर हायवेवरून सेंट पॉलच्या ऑफिसला निघाली होती. रस्त्याच्या कडेला एक गाडी दिवे लुकलुकवत उभी होती, टायर गेलेली. तिच्या पुढे मिस्टर लिंडक्विस्ट नावाचे अडुसष्ट वर्षांचे गृहस्थ मदतीची वाट बघत उभे होते. नेत्राची गाडी उजवीकडे सरकत गेली आणि त्या गाडीवर मागून आदळली, आणि ती गाडी त्यांच्यावर. त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. नेत्राला जवळजवळ काहीच झालं नाही. पोलीस आला, तरुण होता, तिला त्याने आपल्या गाडीत उबेत बसवलं आणि विचारलं, मॅडम, तुमची गाडी घसरली का. ती हो म्हणाली. त्याने तसं लिहून घेतलं.

तेव्हापासून सगळे तेच म्हणत होते. ऑफिसातला संजय म्हणाला, शेजारची बाई म्हणाली, बर्फ आहे, मागच्या चाकांची गाडी, कोणाचंही झालं असतं. हेमचंद्रने तर सगळं स्वतःवर घेतलं. तो पाचला उठून डबे करायला लागला. आधी तिला सेंट पॉलला सोडायचं आणि मग उलटं चाळीस मिनिटं आपल्या ऑफिसला यायचं. रोज संध्याकाळी कॉम्प्युटरसमोर बसून कुठल्या चाकांबद्दल कोण काय म्हणतं ते वाचायचं. जेवताना मध्येच घास हातात धरून बसायचा. नेत्रा ते बघायची. बघून तिला काही व्हायला हवं होतं, पण होत नव्हतं. ती वरण वाढायची.

"हॅलो… हो, आहे मी. सावनी आली होती… बाबाच आहे गं फोनवर… ती म्हणते, टेल हिम रेड… नाही, थट्टा नाही, खरंच रेड पाहिजे तिला… जा तू खाली, टीव्ही लाव. मी बोलतेय ना."

नऊ वर्षांची सावनी मोजे घासत तळघरात उतरून गेली. परवा तिच्या मैत्रिणीची आई न्यायला आली होती, तेव्हा सावनी तिला दारातच सांगत होती, अवर कार वॉज नो गुड इन स्नो. शाळेतही तिने सगळ्यांना हेच सांगितलं होतं.

"कधीपर्यंत सांगायचंय त्यांना?… एकला दुसरं गिऱ्हाईक येतंय. हे नेहमीचंच त्यांचं… नाही, तू म्हणतोस ते बरोबर आहे, ऑल-व्हील महाग पडली तरी… नको, हप्ते नको सांगूस आत्ता. तो मुद्दा नाहीये."

"माझं मत?… मत काय… ऑल-व्हीलने गाडी सुटते लवकर. चढावर, बर्फातून बाहेर पडताना. थांबताना तिचा काही उपयोग नाही. ब्रेक सगळ्याच गाड्यांचे चारी चाकांना असतात. थांबायला टायर चांगले लागतात, बर्फाचे… नाही, वाद नाही घालत… तो सेल्समन काय म्हणतो ते जाऊ दे."

"काय म्हणालास?… त्या दिवशी ऑल-व्हील असती तर?"

ओट्यावर सकाळच्या टपालातलं एक कार्ड पडलं होतं, चिमण्यांचं चित्र असलेलं. मिसेस लिंडक्विस्टनी पाठवलं होतं. नेत्राने हॉस्पिटलात फुलं पाठवली होती, त्याचे आभार. खाली निळ्या शाईत, थरथरत्या अक्षरात लिहिलं होतं, की तुम्ही मनाला लावून घेऊ नका, बर्फापुढे कोणाचं चालत नाही, आणि वॉल्टर आता वॉकर धरून दहा पावलं टाकतो. नेत्राने ते तीनदा वाचलं होतं आणि मग तांदूळ धुवायला घेतले होते.

"काही फरक पडला नसता, हेमू… मला माहिती आहे म्हणून सांगतेय… कारण… थांब जरा. थांब, दार लावते."

तिने तळघराच्या जिन्याचं दार ओढून घेतलं. फोनची वायर तिथपर्यंत पुरली, थोडी ताणली गेली. ती दाराला पाठ लावून उभी राहिली.

"ऐकतोयस?… मी ब्रेक मारलाच नव्हता… नाही, पाय घसरला वगैरे नाही. मारलाच नाही. तो पोलीस बर्फावरच्या खुणा शोधत होता ना, त्या नव्हत्याच, कारण बर्फही नव्हता तिथे. रात्रीच मीठ टाकून गेले होते, रस्ता कोरडा होता. कडेला होता थोडा, तो बघून त्याने विचारलं, गाडी घसरली का. मी हो म्हणाले. मला वाटलं, हो म्हटलं की तो पुढचं विचारणार नाही… त्या आठवड्यात आमचं रिलीज होतं, पुण्याच्या टीमबरोबर तीन रात्री कॉल. तू सकाळी म्हणालास, डोळे बघ तुझे, थांब, मी सोडतो. मी म्हटलं, काही नको. आठवतंय ना?… मी तुझ्यावर खेकसलेच होते… फ्रान्स अॅव्हेन्यूची पाटी गेल्याचं आठवतं. त्यानंतर आवाजच. मधलं काही नाही… हेमू?… हॅलो?… हॅलो, ऐकू येतंय का?"

फोनमध्ये खरखर होत होती. मग एकदम मोकळा आवाज आला, वाऱ्यासकट.

"काय?… ऐकूच नाही आलं?… आता बाहेर आलास… कुठपर्यंत ऐकलंस?… दार लावते, तिथपर्यंत."

कुकरमध्ये तांदूळ पाण्यात पडले होते. एवढं सगळं एकदा सांगून झालं होतं आणि कोणीच ऐकलं नव्हतं. तिच्या मनात आलं, आता काहीही सांगता येईल. ऑल-व्हीलच घे म्हणून फोन ठेवता येईल. तो आनंदाने घेईल, रेड नसली तर निळी, आणि पुढची दहा वर्षं ती गाडी तिला घसरू देणार नाही अशा भरवशावर तिला चालवायला देईल.

"नाही, कट नाही झाला. आहे मी… सांगते. टोपी घातलीस का? उणे दहा आहे बाहेर… बरं, ऐक."

"मला झोप लागली होती."

"त्या गुरुवारी… गाडी चालवताना… हो… नाही, घसरली नाही. रस्ता कोरडा होता. पोलिसाला मी खोटं सांगितलं."

पलीकडून मोटारींचे आवाज आले, कोणाच्या तरी किल्ल्या वाजल्या. नेत्राने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"हो… हो, तीन आठवडे… तेव्हाच का नाही म्हणजे… माहिती नाही. आधी भीती वाटली. मग सगळे म्हणायला लागले, गाडीच तशी. आणि तू रडलास हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये, मीच घेतली ही गाडी म्हणून. तेव्हा सांगायला पाहिजे होतं… हो. बघत होते. तू रोज पाचला उठत होतास, ते बघत होते मी… नाही, मजा नाही वाटत होती. बरंही नाही वाटत होतं, वाईटही नाही. काहीच वाटत नव्हतं, हेमू. आत्ताही फार नाही वाटत. हे सांगतेय ते सांगायला पाहिजे म्हणून."

"बोल. जे बोलायचं ते बोल… हो… हो, बरोबर आहे… नाही, मी नाही म्हणत, तुझा हक्कच आहे… आईंना पण तू तेच सांगितलंस, हो. माझ्यामुळे."

तो बराच वेळ बोलत होता. नेत्रा मध्ये मध्ये नुसतं हं म्हणत होती. तो एवढ्या मोठ्याने बोलतो हे तिला विसरायला झालं होतं. तीन आठवडे तो घरात दबक्या आवाजात वावरत होता.

"बर्फात फेऱ्या मारू नकोस, आत जा… बरं, राहा बाहेर."

"काय?… कोणालाच नाही सांगायचं?… हेमू… ग्रीन कार्ड यात अडू शकतं, मला माहिती आहे. पाच वर्षं थांबलोय, माहिती आहे… वकिलाला विचारू, हो, सोमवारी विचारू. कसं सांगायचं ते विचारू. गप्प बसायचं का, ते नाही विचारायचं… अरे त्यांच्या बायकोने कार्ड पाठवलंय. आज आलंय. मी मनाला लावून घेऊ नये म्हणते. वॉल्टर दहा पावलं चालतो म्हणते… वॉल्टर म्हणजे लिंडक्विस्ट. आपण पहिलं नावही नव्हतं विचारलं त्यांचं… त्यांना जाऊन सांगायचंय मला. बर्फ नव्हता म्हणून… रागावतील. रागावू देत… नाही, तू आलास तर बरं होईल. नाही आलास तरी जाईन, टॅक्सीने."

"हं… हं… बरं… सोमवारी मग. आधी वकील, मग तिकडे… हो, ठरलं. बदलणार नाही मी… तू पण नको बदलूस."

तिला त्याचा श्वास ऐकू येत होता, थंडीने तुटक झालेला. लग्नाला अकरा वर्षं झाली होती. फोनवर एवढा वेळ गप्प राहायची त्यांना सवय नव्हती, लांबच्या फोनला एके काळी मिनिटाचे पैसे पडायचे.

"हॅलो… हो, आहे… गाडीचं ना. तो सेल्समन खिडकीतून बघतोय का तुझ्याकडे… बिचारा. काय समजत असेल."

"ऑल-व्हीलच घे… हो, आजच. परत कुठे खेटे घालायचे… नाही, ऐक, का ते ऐक. आपला चढ आहे. दर वर्षी अडकतो आपण, तू वाळूच्या पिशव्या उचलतोस आणि पाठ धरून बसतोस. तेवढ्यासाठी घे. ते खरं कारण आहे. त्या गुरुवारसाठी नको घेऊस… हो. टायर पण बर्फाचे सांग, वेगळे, ते गाडीबरोबर येत नाहीत… चालव तूच. मी नाही सध्या. बसने जाईन. एक्सप्रेस बस आहे मिनिअॅपोलिसपर्यंत, पुढे बदलायची… लागू दे दोन तास. बसमध्ये झोपता तरी येईल."

तो हसला की काय, तिला नीट कळलं नाही. तिला स्वतःला हसू आलं नव्हतं.

"अजून रागावलेला आहेस?… बरं… राहा… नाही, खरंच राहा. चालेल मला. घरी येऊन पण राहा… जेवायला थांबते. वरणभातच आहे."

जिन्यावर पायांचा आवाज झाला आणि दार पाठीमागून ढकललं गेलं. नेत्रा बाजूला झाली. सावनी दारात उभी राहून आईच्या तोंडाकडे बघत होती. व्हॉट हॅपन्ड, म्हणाली.

"सावनी आलीय वर. ठेवते मी… हो, तिला सांगणारे… आत्ता. ती शाळेत सगळ्यांना सांगत फिरते, आमची गाडी वाईट म्हणून… माहिती आहे, नऊच वर्षांची आहे… नाही रे, तू येईपर्यंत नाही थांबत. थांबले तर राहून जाईल… हो. सावकाश ये. ठेवते."

तिने फोन ठेवला आणि सावनीसाठी खुर्ची ओढली.